मुरांबा द्रव असतो

हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं,
हॅनकॉकच्या विमानतळावर, जिथे दिवसाला दोनच विमानं
आणि बर्फ असेल तर तीही वरूनच मागे फिरतात.
ऐली तेर्वोला सोडायला गेलो होतो, माझ्या ट्रकमधून.
दोरीच्या अलीकडे, टोपी हातात घेऊन उभा.

थिंबलबेरी विकत मिळत नाही आमच्याकडे.
बोट लागलं की विस्कटते, पेटीत भरणार कोण.
ऑगस्टात टेकडीवर जायचं, डासांत,
अस्वलाने खाऊन उरलेली वेचायची.
तीन दिवसांची वेचणी, एक बरणी.
टूसॉनच्या नातीसाठी.

वेंडेल रुओनाने निळ्या हातमोज्यात ती उजेडाकडे धरली.
"तीन पूर्णांक चार दशांश औंसांच्या वर आहे, मिस तेर्वो.
आणि हे द्रव आहे."
दशांशचिन्ह त्याला तिनेच शिकवलेलं, तिसरीत,
दोनदा, कारण पहिल्या वर्षी त्याला ते दिसलंच नव्हतं.
"उलटी कर," ती म्हणाली.
त्याने केली. मुरांबा जागचा हलला नाही.
वेंडेलने मुरांब्याकडे पाहिलं, मग नियमांच्या पुस्तकाकडे.
पुस्तकही जागचं हलत नव्हतं.

मग बूट. मग पट्टा. मग पोलादी गुडघा वाजला
आणि एका अनोळखी बाईचे हात
मांड्यांवरून खाली, आतून वर.
ऐली भिंतीवरचा फलक वाचत राहिली:
काही दिसलं तर सांगा.
मी टोपीकडे पाहत राहिलो.

टूसॉनला पोचल्यावर पिशवीच्या अस्तरात
तिला रेइनोचा चाकू सापडला,
ट्राउट साफ करायचा, बर्चच्या मुठीचा,
पातं चांगलं वीतभर,
नवरा गेल्यापासून आठ वर्षं तिथेच निजलेला.
दोन विमानतळ, तीन यंत्रं, एक झडती.
तो घन होता, सुटला.

दुसरी कुणी असती तर गप्प बसती.
ऐलीने पत्र लिहिलं, फळ्यावर लिहायची तशा अक्षरात:
आपल्या माहितीसाठी.
खाली पात्याचं चित्र, प्रमाणात, लांबीसह.
तुम्हीच म्हणालात सांगा, मला दिसलं, मी सांगितलं.

उत्तर आलं नाही. मार्चमध्ये दोन माणसं आली,
शहरी बुटांत, माझ्या अंगणातल्या गुडघाभर बर्फात.
ती फिनिश कुणाशी बोलते?
स्वयंपाकघरात फोटो कुणाचा आहे?
वाचनालयातून काय नेते?
कोडी, मी म्हटलं, शब्दकोडी.
एकाने लिहून घेतलं: कोड.
त्यांच्या कागदावर तिचं नाव होतं अली.
मधलं एक अक्षर टंकताना कुणाच्या तरी हातून सांडलं होतं,
आणि तेवढ्या फटीतून ते तिच्या घरात शिरले होते.
मी चूक दाखवली.
त्यांनी माझ्या ट्रकचा नंबर लिहून घेतला.

तेव्हापासून तिच्या तिकिटावर चार एस छापून येतात.
नातीचा पदवीदान समारंभ तिने फोनवर ऐकला, टाळ्यांसकट.

कॉफीच्या टेबलावर सगळे हसतात यावर:
यांना चाकू सापडत नाही, मुरांबा सापडतो,
आणि यांच्या भरवशावर आपण झोपायचं!
हसतात, पण आवाज खाली आणून,
दाराकडे एकदा बघून.
पूर्वी असं बघत नसत.

वेंडेलने मे महिन्यात बरणी परत आणली. धुतलेली.
फेकायची असते, म्हणाला, फेकवली नाही.
"छान होता."
तिने बरणी घेतली. आत ये म्हणाली नाही.

परवा पुलाच्या कठड्याशी एक बॅग दिसली मला.
काळी, फुगलेली, चेन अर्धी उघडी, आसपास कुणी नाही.
कुणा मासे धरणाऱ्याची असेल. असेलही.
ब्रेकवर पाय ठेवला, फोन काढला,
नंबर पाठ आहे, फलक पाठ आहे,
आणि मग माझ्या नावात अक्षरं किती
ते मोजत बसलो.

मागच्या गाडीने हॉर्न दिला.